विश्लेषण : गुडघेदुखीत चरबीच्या गादीची भूमिका काय? प्रत्यारोपणावेळी ती काढावी की ठेवावी?

‘गुडघ्यातले वंगण संपले’ हे निदान अहिल्यानगर जिल्ह्यातील बहुतेक घरांत कधी ना कधी ऐकू येते. ऊसतोडीला जाऊन आलेली पन्नाशीची बाई असो, अकोले तालुक्यातील डोंगरउतारावर आयुष्य काढलेला शेतकरी असो किंवा नगर शहरातील निवृत्त कर्मचारी, गुडघा दुखू लागला की एक्स-रे काढला जातो, ‘झीज झाली’ असे सांगितले जाते आणि पुढे गोळ्या, इंजेक्शने किंवा प्रत्यारोपण असा प्रवास सुरू होतो. मात्र गुडघ्याचा संधिवात ही निव्वळ झीज नाही, हे गेल्या काही दशकांतील संशोधनातून स्पष्ट होत गेले आहे. वाटीच्या खाली दडलेली चरबीची एक छोटी गादी या आजारात सक्रिय भूमिका बजावते. ही भूमिका नेमकी कोणती आणि तिचा उपचारांच्या निर्णयाशी काय संबंध?

ही चरबीची गादी कुठे असते?

गुडघ्याच्या वाटीखाली, वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणाऱ्या जाड पट्ट्याच्या मागे मऊ चरबीचा एक गोळा असतो. तो सांध्याच्या आवरणाच्या आत, पण सांध्याच्या अस्तराच्या बाहेर असतो. जर्मन अस्थिरोगतज्ज्ञ आल्बर्ट होफा यांनी १९०४ मध्ये या चरबीच्या आजाराचे सविस्तर वर्णन केले. त्यामुळे डॉक्टर आजही तिला ‘होफा पॅड’ म्हणतात. गुडघा वाकवताना आणि सरळ करताना ही गादी आपला आकार बदलते, हाडांमधील मोकळी जागा भरते, धक्के काही प्रमाणात शोषते आणि वाटीला रक्त पोहोचवणाऱ्या वाहिन्यांना वाट देते. ही पोटावर साठणारी चरबी नव्हे. उपासमारीने शरीर खंगले तरी ही गादी बऱ्यापैकी टिकून राहते. म्हणजे ती शरीराची इंधनाची कोठी नसून सांध्याचाच एक भाग आहे.

गुडघ्यात नेमके दुखते काय?

हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत कूर्चेत मज्जातंतू नसतात. त्यामुळे कूर्चा स्वतः दुखत नाही. अमेरिकेतील अस्थिरोगतज्ज्ञ स्कॉट डाय यांनी १९९८ मध्ये एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी सांध्याच्या आत भूल न घेता स्वतःच्याच गुडघ्यांत दुर्बीण घालून घेतली आणि आतील एकेका भागाला टोचल्यावर काय जाणवते, ते नोंदवले. वाटीच्या मागच्या कूर्चेला टोचल्यावर त्यांना काहीच जाणवले नाही. चरबीच्या गादीला आणि सांध्याच्या पुढच्या अस्तराला स्पर्श होताच मात्र तीव्र वेदना झाल्या आणि त्या कुठे होत आहेत, हे त्यांना अचूक सांगताही आले. या गादीत मज्जातंतूंचे दाट जाळे असते. ती सुजली किंवा हाडांच्या मध्ये चिमटली की वाटीच्या दोन्ही बाजूंना खालच्या अंगाला दुखते आणि पाय पूर्ण ताणून सरळ केला की कळ वाढते.

एक्स-रेमध्ये झीज बरीच दिसते, पण माणूस आरामात चालतो. उलट एक्स-रे जवळपास ठीक असतो आणि जिना उतरणे अशक्य होते, हा अनुभव अनेक रुग्णांना येतो. त्यामागचे एक कारण येथे सापडते. एक्स-रेमध्ये हाडे आणि त्यांतील अंतर दिसते. गादीची आणि अस्तराची सूज नीट दिसत नाही. ती एमआरआयमध्ये दिसते. अर्थात प्रत्येक गुडघेदुखीत एमआरआय काढण्याची गरज नसते. बहुतेक वेळा रुग्णाची हकिगत आणि डॉक्टरांची तपासणी पुरेशी असते.

चरबी सांध्याचे नुकसान कसे करते?

चरबीच्या पेशी रसायने तयार करतात. संधिवात झालेल्या गुडघ्यातील गादीत रोगप्रतिकारक पेशी शिरतात, तिच्यात तंतुमय जाडपणा येतो आणि ती ‘इंटरल्युकिन-६’सारखी दाह वाढवणारी द्रव्ये सोडते. शेजारीच सांध्याचे अस्तर असल्याने ही द्रव्ये थेट सांध्यात पोहोचतात. तिथे ती कूर्चा कुरतडणाऱ्या विकरांना चालना देतात. त्यामुळे अनेक संशोधक आता गादी आणि अस्तर यांना वेगवेगळे न मानता एकाच यंत्रणेचे दोन भाग मानतात.

शरीरातील एकूण चरबीचाही हात असतो. लठ्ठ व्यक्तींमध्ये हाताच्या बोटांचा संधिवातही अधिक आढळतो, आणि बोटांवर कोणी चालत नाही. म्हणजे लठ्ठपणाचा परिणाम केवळ भाराचा नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये चरबीच नसलेल्या उंदरांवर केलेल्या प्रयोगात हे ठळकपणे दिसले. गुडघ्याला इजा करूनही या उंदरांच्या कूर्चेचे फारसे नुकसान झाले नाही. त्यांच्या शरीरात थोडी चरबी रोपल्यावर मात्र हे संरक्षण नाहीसे झाले. उंदरांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण चरबी रासायनिक संदेश पाठवून सांध्यावर परिणाम करते, या मताला त्यातून बळ मिळाले.

मग ही गादी म्हणजे शत्रूच का?

तसे म्हणता येत नाही. गादीच्या आकारावरील अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. काही पाहण्यांत मोठी गादी असलेल्यांच्या गुडघ्यातील कूर्चा कमी झिजल्याचे दिसले, विशेषतः स्त्रियांमध्ये. वाटीमागच्या संधिवातात मात्र मोठी गादी आणि अधिक वेदना यांचा संबंध आढळला. यातून संशोधक काढत असलेला अर्थ असा की, गादी किती मोठी यापेक्षा तिची तब्येत कशी आहे, हे महत्त्वाचे. निरोगी गादी सांध्याची राखण करते. सुजलेली आणि कडक झालेली गादी दुखण्यात भर घालते. एमआरआयमध्ये गादीत सुजेच्या खुणा दिसणाऱ्या रुग्णांमध्ये वेदना आणि पुढील नुकसान अधिक असते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

सडपातळ माणसाने निर्धास्त राहावे का?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना पुण्यातील एक प्रसिद्ध नोंद आठवते. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन या दोन मित्रांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंची आणि वजन यांच्या प्रमाणावरून काढला जाणारा दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होती. भारतीय माणूस बारीक दिसला तरी त्याच्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात. या नोंदीचा मूळ संदर्भ मधुमेहाचा आहे, गुडघ्याचा नाही. तरीही वजनकाट्यावरचा आकडा पाहून ‘मी कुठे जाड आहे’ असे म्हणणाऱ्यांनी कंबरेचा घेर आणि मांडीच्या स्नायूंची ताकद याकडे लक्ष द्यावे, एवढा बोध त्यातून घेता येतो.

अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यात प्रश्न वेगळा का ठरतो?

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा ऊस पिकवतो आणि ऊसतोड मजूरही पुरवतो. राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव, संगमनेर, नेवासे हा साखरेचा पट्टा. तर पाथर्डी, शेवगाव, जामखेड या दुष्काळी भागांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबे तोडीला निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. वाकून बुडख्यात ऊस तोडायचा, मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचे, हे काम महिनोन्‌महिने चालते. खुरपणी, कांदा लागवड, धार काढणे ही कामेही उकिडवे बसूनच होतात. सतत उकिडवे बसणे, गुडघे टेकणे आणि जड ओझे वाहणे यांचा गुडघ्याच्या संधिवाताशी संबंध असल्याचे जगभरातील अनेक पाहण्यांत दिसले आहे. म्हणजे येथील अनेकांच्या गुडघ्यावर कामाचा भार पडतो आणि पुढे चाळिशी-पन्नाशीनंतर, विशेषतः स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यानंतर, पोटाचा घेर वाढू लागला की चरबीच्या दाहाची त्यात भर पडते.

ग्रामीण भागात हा त्रास किती पसरलेला आहे, याचा अंदाज शेजारच्या पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या पाहणीतून मिळतो. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमांतर्गत घरोघरी जाऊन झालेल्या या पाहणीत सुमारे १८ टक्के प्रौढांनी सांधे-स्नायूंच्या दुखण्याची तक्रार सांगितली. सुमारे सहा टक्के प्रौढांना झिजेचा संधिवात होता. आमवाताचे प्रमाण त्या तुलनेत अगदी कमी, अर्ध्या टक्क्याच्या आसपास होते. ‘गावाकडची माणसे काटक, त्यांना गुडघ्याचा त्रास कुठला’ हा समज या पाहणीने खोटा ठरवला.

प्रत्यारोपणावेळी ही गादी काढतात का?

गुडघा प्रत्यारोपण सर्वसामान्य मराठी माणसाच्या ओळखीचे झाले ते २००० मध्ये. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आणि उजव्या गुडघ्यावर जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी शस्त्रक्रिया केली. त्यानंतर हे नाव घरोघरी पोहोचले. या शस्त्रक्रियेत हाडांची झिजलेली टोके कापून त्यांवर धातूचे आवरण आणि मध्ये विशिष्ट प्लास्टिकचा थर बसवला जातो. सांधा उघडल्यावर चरबीची गादी सर्जनच्या नजरेआड बराच भाग करते. त्यामुळे अनेक सर्जन ती अंशतः किंवा पूर्ण काढतात. काही जण ती जपतात.

काढण्याच्या बाजूने युक्तिवाद असा की, आतले नीट दिसते, सांधा अचूक बसवता येतो, दाह निर्माण करणारी ऊती निघून जाते आणि ती पुढे कृत्रिम भागांत अडकण्याची भीती राहत नाही. ठेवण्याच्या बाजूचे म्हणणे असे की, गादी काढल्याने वाटीचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो, वाटीखालचा पट्टा आखडून वाटी खाली सरकू शकते आणि पुढच्या बाजूचे दुखणे मागे राहू शकते. दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या अभ्यासांचे एकत्रित आढावे घेतले गेले, पण त्यांचा कौल एकमुखी नाही. काहींमध्ये गादी काढलेल्या रुग्णांत पट्टा किंचित आखूड झालेला दिसला. वेदना आणि चालणे यांत मात्र मोठा आणि सातत्याने दिसणारा फरक आढळला नाही. त्यामुळे आज तरी हा निर्णय सर्जनच्या अनुभवावर आणि त्या गुडघ्याच्या अवस्थेवर सोडला जातो. रुग्णाने ‘गादी ठेवणारा डॉक्टर’ शोधत फिरण्याचे कारण नाही.

मग रुग्णासाठी खरा निर्णय कोणता?

शस्त्रक्रिया आताच करायची की थांबता येईल, हा. डेन्मार्कमध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रत्यारोपणास पात्र ठरलेल्या १०० रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटाला शस्त्रक्रिया आणि त्यानंतर व्यायाम, आहार, औषधे. दुसऱ्याला शस्त्रक्रियेविना तेच उपचार. वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांना स्पष्टपणे अधिक आराम होता. गंभीर गुंतागुंतही त्याच गटात अधिक होती. दुसऱ्या गटातील ५० पैकी फक्त १३ जणांनी त्या वर्षात शस्त्रक्रिया करून घेतली. बाकीच्यांचे तिच्याविना भागले. याचा अर्थ प्रत्यारोपण वाईट असा नाही. योग्य वेळी केले तर ते माणसाला पुन्हा चालते करते. मोठ्या आढाव्यानुसार संपूर्ण गुडघा प्रत्यारोपणांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षे टिकतात. मात्र पाच ते दहा रुग्णांमागे एक जण शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण समाधानी नसतो. तसेच पन्नाशीत बसवलेला सांधा हयातीत पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता सत्तरीपेक्षा जास्त असते. उकिडवे बसणे, मांडी घालणे यांवर मर्यादा येतात. ज्यांचे पोटच खुरपणीवर किंवा तोडीवर आहे, त्यांनी ही गोष्ट शस्त्रक्रियेआधी विचारून घेणे गरजेचे आहे.

खर्चाचे काय?

ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत तेव्हा जीएसटी वगळून ५४,७२० रुपये ठरली. त्याआधी यासाठी दीड लाखाच्या पुढे मोजावे लागत होते. ही मर्यादा केवळ सांध्याची आहे. सर्जनचे शुल्क, खोली, औषधे, फिजिओथेरपी वेगळी. लोणी आणि विळद घाट येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अस्थिरोग विभाग आहेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेखालील रुग्णालयांत आरोग्यमित्र असतात. आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते का, कोणत्या रुग्णालयात बसते, हे त्यांना आधी विचारावे. दागिने मोडण्याआधी किंवा मुकादमाकडून उचल घेण्याआधी ही चौकशी झाली, तर कुटुंबाचा मोठा खर्च वाचू शकतो.

‘वंगणाचे’ इंजेक्शन आणि स्टेम सेल?

वंगण म्हणून दिल्या जाणाऱ्या हायल्युरोनिक आम्लाच्या इंजेक्शनांचा फायदा अल्प आणि अनिश्चित आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत ती देऊ नयेत, असे म्हटले आहे. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडू शकतो. मात्र २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत दोन वर्षे दर तीन महिन्यांनी ते घेणाऱ्यांच्या कूर्चेची घट अधिक झाली आणि वेदनेत फरक पडला नाही. याच चरबीच्या गादीतून मूळ पेशी मिळवून कूर्चा दुरुस्त करता येईल का, यावरही संशोधन चालू आहे. परंतु भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्यता नसलेले मूळ पेशींचे उपचार मंजूर चाचणीच्या बाहेर, पैसे घेऊन देता येत नाहीत. ‘तुमच्याच चरबीतून नवा गुडघा’ अशा जाहिरातींपासून सावध राहिलेले बरे.

रोजच्या जगण्यात काय करता येईल?

गादीचा दाह आणि सांध्यावरचा भार या दोन्हींवर एकाच वेळी काम करणारे उपाय दोन : वजन आणि स्नायू. एक किलो वजन घटले, तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत आहार आणि व्यायाम दोन्ही सांभाळून दीड वर्षात सुमारे ११ टक्के वजन उतरवणाऱ्यांच्या वेदना तर घटल्याच. त्यांच्या रक्तातील इंटरल्युकिन-६ चे प्रमाणही केवळ व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कमी झाले. म्हणजे चरबीचा दाहही शमला. सेमाग्लुटाइड या औषधाच्या २०२४ मधील चाचणीत लठ्ठ रुग्णांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १३.७ टक्के घटले आणि शंभराच्या मापावर वेदना ४१.७ गुणांनी उतरल्या. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, ज्यांना औषधाऐवजी नुसती लस टोचल्यासारखे दिसणारे निष्क्रिय इंजेक्शन दिले, पण व्यायाम आणि आहाराचा सल्ला तोच होता, त्यांच्याही वेदना २७.५ गुणांनी कमी झाल्या. हे औषध महाग आहे आणि डॉक्टरांच्या देखरेखीविना घेण्याचे नाही.

व्यायामाला पैसे लागत नाहीत. खुर्चीवर बसून पाय सरळ करून दहापर्यंत मोजणे, झोपून सरळ पाय वीतभर उचलणे, हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे यांनी मांडीचे स्नायू बळकट होतात. सुरुवातीला थोडे दुखले तरी चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते वाढलेले राहिले तर प्रमाण कमी करावे. खुरपताना कमी उंचीचा पाट किंवा स्टूल घेणे, कामात दर अर्ध्या तासाने उठणे, घरात उंच संडासाची सोय करणे यांनीही फरक पडतो. सांधा लाल व गरम झाला, ताप आला, गुडघा अडकून बसला किंवा सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासापेक्षा अधिक टिकला, तर घरगुती उपाय न करता डॉक्टर गाठावा.

याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातील स्त्रियांनाच आरोग्याचे शिक्षण देऊन आजार गावातच आटोक्यात आणता येतात, हे दाखवून दिले. प्रत्यारोपण रुग्णालयातच होणार. त्याआधीच्या दहा-पंधरा वर्षांत मांडी बळकट ठेवणे, पोटाचा घेर सांभाळणे आणि अनावश्यक इंजेक्शने टाळणे ही कामे मात्र गावात, घराच्या ओट्यावर होऊ शकतात.